घरामागचा काठा

रोहा,
२४ ऑक्टोबर १९९६

प्रिय मनाली,

वरचा पत्ता वाचून तू पाकीट पुन्हा उलटसुलट करून पाहिलं असशील, हे मला इथे बसल्या जागी दिसतंय. होय, रोहा. पांढरखार नाही. अक्षर माझंच आहे, आणि मी धडधाकट आहे, तेव्हा आधी एक सुस्कारा टाक आणि मग पुढे वाच. होळीनंतर तू बंगलोरला गेलीस, त्यानंतर मी तुला दोन पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही. नव्या नोकरीत वेळ मिळत नसेल, असं मी लोकांना सांगत राहिले. मला स्वतःला ते फारसं पटलं नाही. रागही आला होता, खोटं कशाला बोलू? पण आता राग नाही. का नाही ते शेवटी सांगेन. निकाल आधी सांगितला की पोरं तपासलेला पेपर उघडूनसुद्धा बघत नाहीत, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, म्हणून तुलाही क्रमाने वाचावं लागेल.

जूनमध्ये मी बदली मागून घेतली. इथल्या शाळेत तिसरीचा वर्ग दिलाय. पोरं चांगली आहेत, पण त्यांना खाडी ठाऊक नाही. त्यांचे बाप कंपनीत शिफ्टला जातात आणि भोंगा वाजला की वर्गातली निम्मी पोरं खिडकीकडे बघतात. माझी खोली बाजारपेठेच्या मागे आहे, माडीवर. खाली मालकीण राहते, ती भली आहे, पण तिला दुपारी कुणी जिना चढलेला चालत नाही. इथे मला सगळे म्हात्रे मॅडम म्हणतात. बाई अशी हाक कुणी मारत नाही. संध्याकाळी मी कुंडलिकेच्या पुलापर्यंत चालत जाते आणि परत येते, कारण एवढ्या लवकर घरी बसून करायचं काय? तू गेल्यावर बरेच दिवस मी दोन माणसांचा भात लावत होते. आता सवय मोडली, पण डबा उघडला की अजून हात जरा जास्तच तांदूळ घेतो. मला एकटं वाटतं, मनाली. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी पुन्हा लिहिणार, कारण लिहिल्याशिवाय मलाच पुढे सरकता येणार नाही. पांढरखार आणि आंबेखार, दोन गावं, आणि खाडीचं पाणी अडवायला दोन काठे, मातीचे बांध. एक बाहेरचा, लांबलचक, खाडीला लागून. दुसरा आतला, आखूड आणि उंच, गावांना आणि गोड्या तळ्याला कुशीत घेणारा. दोन्ही काठ्यांच्या मधे बंद पडलेलं मिठागर, काळुरामच्या दोन शेतपट्ट्या आणि माझं घर. हे मिठागरावर मेस्त्री होते म्हणून आम्हाला तिथे घर मिळालं, आणि हे गेल्यावरही मी तिथेच राहिले. माझ्या मागच्या दारातून पायऱ्या चढल्या की थेट आतल्या काठ्यावर. मंजूर झालेला दगड एकाच काठ्याला पुरणार होता. बाहेरचा धरला तर माझं घर राहणार. आतला धरला तर मधली जमीन खाडीला सोडायची, म्हणजे माझं घरही. पावसाच्या आत ठरवायचं होतं, आणि दोन गावांचं गेली कित्येक वर्षं कशावरच एकमत होत नव्हतं. त्यासाठी तुमच्या संस्थेने तुला पाठवलं.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. तू पेणहून टेम्पोत कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आलीस, आणि आमच्याकडचे खड्डे त्याला लागू नयेत म्हणून स्वतः प्रत्येक खड्ड्यात उडत आलीस. शाळेत त्याला कोपरा दिला. खारी हवा यंत्राला खाईल म्हणून आपण दोघी पेणला एका गणपतीच्या कारखान्यात गेलो, आणि मूर्तींवर घालतात ते जाड प्लास्टिक मागून आणलं. तेव्हापासून गावातली काशीबाई शाळेत आली की आधी त्या झाकलेल्या यंत्राला हात जोडायची. लोकांना वाटलं, ही शहरातली पोर आता आपल्याला भाषण देणार. तू भाषण दिलंच नाहीस. पडद्यावर गाव काढलंस, आणि म्हणालीस, तुम्हीच बटणं दाबा. बाणाच्या बटणाने काठ्याचा तुकडा निवडायचा, अधिकच्या बटणाने त्यावर दगड टाकायचा, बाजूला दगडाची पट्टी तेवढी कमी होत जायची, आणि मग मोठं बटण दाबून उधाण सोडायचं. निळं पाणी पडद्यावरचा एकेक चौकोन भरत पुढे सरकायचं. वाचलेली जमीन हिरवी, खारं पाणी शिरलेली निळी. गावाने त्याला पाण्याचा टीव्ही असं नाव ठेवलं.

पहिल्या दिवशीचा गोंधळ आठवतो? काळुराम पुढे झाला, स्वतःचं शेत शोधलं, बटणं दाबली, आणि भांडायलाच उठला. त्याने मरमर करून डोंगराकडचा काठा उंच केला होता आणि खाडी मोकळी सोडली होती. तुझ्या नकाशात उत्तर दिशा वर, कारण पुस्तकात तशी असते. आमच्याकडे वर म्हणजे डोंगर आणि खाली म्हणजे खाडी, शेंबडं पोरसुद्धा हेच सांगेल. सगळा गाव त्या दिवशी आपलं शेत भलत्याच ठिकाणी शोधत होता, आणि तू शिकलेली पोर तोंडावर हात घेऊन उभी. दुसऱ्या दिवशी तू अख्खा नकाशा वळवलास. डोंगर वर, खाडी खाली, आणि अगदी तळाशी माझ्या घराचा लाल ठिपका. काशीबाई म्हणाली, "आता आमचा गाव सरल झाला." मी तुला त्यावरून महिनाभर चिडवलं असेल.

त्याआधीची मोजणी मात्र आपण दोघींनी केली. तू तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून, आणि मी ती उंच पट्टी धरून काठ्याकाठ्याने चिखल तुडवत. पट्टीचा शून्य खाली हवा, उलटी धरली तर उंच जागा खोल निघते, हे तू मला पहिल्याच दिवशी शिकवलंस, आणि मी शिक्षिका असून मला विद्यार्थिनीसारखं तीनदा म्हणायला लावलंस. माझ्या घरामागच्या तुकड्यावर मी पट्टी घेऊन उभी राहिले तेव्हा तू तिकडून हसत ओरडलीस, मावशी, तू कौलांच्या वर उगवलीयस. तो काठा आमच्या वळचणीच्या बरोबरीचा, म्हणजे मी खरोखरच छपराच्या वर दिसत असणार. हे असते तर त्यांनीही हसून घेतलं असतं, असं तेव्हा मनात आलं होतं.

तू माझ्याच घरी राहत होतीस, संध्याकाळी चुलीपाशी बसायचीस. वसतिगृहातच वाढलेली पोर. आई लहानपणी गेलेली, बापाने दुसरं घर केलेलं. हे तू एकदाच सांगितलंस आणि पुन्हा कधी बोलली नाहीस. तुला भाकरी येत नव्हती, पण जिताड्याच्या कालवणाचा तळ पुसून खायचीस. बांबूच्या खाटेवर झोपताना भरतीचा आवाज आला की विचारायचीस, पाणी घरात येणार नाही ना? आणि मी सांगायचे, बाहेरचा काठा तुटला तरी ओटीच्या काठापर्यंतच येतं, पुढे नाही. हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी काठा फुटून मोठी खांड पडली होती, सगळं मिठागर समुद्र झालं होतं, तेव्हाही पाणी ओटीला टेकून परत गेलं होतं. तू निघायच्या आदल्या संध्याकाळी ओटीवर बसून विचारलंस, मावशी, हे घर गेलं तर तू कुठे जाशील? मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, मी कुठे जाणार, माझं कोण आहे? सहज म्हटलं गं. बायका म्हणतात तसं. तू उठून शाळेत गेलीस, यंत्र एकदा तपासते म्हणून.

तू गेल्यावर किल्ली माझ्याकडे राहिली. लोक येतच राहिले. पूर्वी सभा म्हणजे नुसता आरडाओरडा, ज्याचा आवाज मोठा त्याचा काठा खरा. आता जो तो आधी गुपचूप येऊन आपल्या शेतापुढे सगळा दगड रचून बघायचा, आणि शेजाऱ्याचं शेत निळं झालेलं बघून गप्प व्हायचा. काशीबाईला तर पाणी पुढे सरकलेलं बघवतच नसे. निळं तिच्या बांधाजवळ आलं की ती "थांबव गो, थांबव, माजा शेत गेला" म्हणत स्वतःच कोपऱ्यातलं बटण दाबून उधाण बंद करायची. खऱ्या खाडीला असं एक बटण असतं तर आम्ही बायकांनी ते कधीच झिजवून टाकलं असतं. हळूहळू सगळ्यांना एक गोष्ट दिसायला लागली. बाहेरचा काठा लांब, दगड पातळ पसरतो, आणि आंबेखारच्या वळणावर खांड पडून पाणी तळ्यापर्यंत पोहोचतं. पण आतला काठा धरावा तर त्याहून वाईट. माझ्या घरामागच्या तुकड्यावरून पाणी सरळ आत उतरायचं आणि दोन्ही गावं निळी. मग लोक म्हणायला लागले, त्यापेक्षा बाहेरचाच बरा, निदान सगळं तर जाणार नाही.

एक दिवस शाळेला सुट्टी होती. दुपारी यंत्रावरची धूळ पुसायला गेले होते, आणि वीज होती म्हणून मी एकटीनेच आतला काठा धरून उधाण सोडलं. निळं मिठागरात आलं, काळुरामच्या पट्ट्या बुडाल्या, माझा ठिपका बुडाला, आणि पाणी माझ्या घरामागून आत उतरलं.  मग मला काहीतरी टोचलं. त्या काठ्यावरून जायचं तर पाण्याला माझ्या कौलांवरून जावं लागेल. आणि माझ्या घरात पाणी ओटीच्या वर कधी आलेलं नाही, ती मोठी खांड पडली तेव्हासुद्धा नाही. रोज ज्या पायऱ्या चढून मी शाळेत येते, त्या काय हवेत जातात? तू मला उंचीचे आकडे बदलायचं पान उघडायला शिकवलं होतंस. ते उघडलं. सगळ्या तुकड्यांच्या उंच्या जिथल्या तिथे होत्या, फक्त माझ्या घरामागच्या तुकड्याची उंची माझ्या ओटीच्या बरोबरीला आणून ठेवलेली. मी शेजारच्या तुकड्याइतकी उंची टाकून पाहिली, आणि पुन्हा उधाण सोडलं. पाणी माझ्या ठिपक्यावरून गेलं, काठ्याशी आलं आणि थांबलं. तळं गोडं. दोन्ही गावं हिरवी. फक्त मधली जमीन निळी, आणि तिच्यात मी. मग मी जुना आकडा परत टाकला आणि प्लास्टिक ओढून घेतलं.

स्पष्टच लिहिते, मला गप्प बसावंसं वाटलं. कुणाला काय कळणार होतं? घरी आले, ओटीवर बसले, आणि माझ्या मनाशी मी चांगली वकिली केली. आंबेखारला खांड पडेलच असं नाही. पडली तरी गाव मिळून बांधतं, घरटी एक माणूस जातो, आजवर तसंच चाललंय. आणि मी काय मागितलंय कुणाकडे? दोन खोल्या, एक ओटी, यांची खुंटीला लावलेली टोपी. माझं माणूस त्या घरात गेलं. मला तिथून दुसरीकडे नेलं तर ते माझ्यामागे कसं येणार, असले वेडे विचारसुद्धा केले. असे बरेच दिवस गेले. रोज शाळेत जायचे, यंत्र झाकलेलं बघायचे आणि परत यायचे. तुला पत्र लिहून विचारावं असंही वाटलं, आणि लिहिलंही, पण त्यात नुसती हवापाण्याची चौकशी केली. ते दुसरं पत्र, बघ असेल तुझ्याकडे.

सभा चैत्र संपता संपता भरली. शाळेत दोन्ही गावं दाटीवाटीने बसली होती, बायासुद्धा. शेवटचा दगड कुठे टाकायचा तेवढंच बाकी होतं. आंबेखारचा हिरामण उठला. तुला आठवत असेल, सगळ्यात भांडखोर, मिशीला पीळ देत बोलणारा. त्याने बाहेरच्या काठ्यावर दगड रचला, अर्थात स्वतःच्या शेतापुढे जास्त, आणि उधाण सोडलं. त्याचं शेत हिरवं राहिलं आणि वळणापलीकडचं शेत निळं झालं. ते त्याच्या मुलीच्या सासरचं. तो पडद्यापाशी वाकून बघत राहिला. म्हणाला, "माज्या पोरीचा शेत मीनीच बुरवला." आणि इतक्या माणसांसमोर त्याने एकेक बटण दाबत स्वतःच्या शेतापुढचा दगड काढला आणि तिकडे टाकला. त्याचं शेत निळं झालं. तो जागेवर जाऊन बसला, आणि त्याला कुणी टोमणाही मारला नाही. मग लोक म्हणाले, ठीक, बाहेरचा काठा, असाच. आणि काशीबाई माझ्याकडे वळून हसली. म्हणाली, "बरा झाला बाय, तुजा घर तरी राह्यला." तिच्या मागून आणखी दोघी-तिघी म्हणाल्या, बाईंचं घर राहिलं ते बरं झालं. पडद्यावर त्यांचं तळं निळं होतं, मनाली, आणि त्या माझ्या घरासाठी खूश होत होत्या.

मी उभी राहिले. म्हटलं, थांबा, एक आकडा चुकलाय, आणि चूक माझी आहे. माझ्या घरामागच्या तुकड्यावर मी मोजणीची पट्टी उलटी धरली होती. मनालीने शिकवलं होतं, पण मी वेंधळी. शाळेत एकदम खसखस पिकली. पोरांचे कान धरणारी बाई स्वतः पट्टी उलटी धरते, याहून मोठी मौज त्यांना वर्षभरात मिळाली नसेल. मी सगळ्यांसमोर नवा आकडा टाकला, दगड आतल्या काठ्यावर आणला आणि उधाण सोडलं. हसणं थांबलं. निळं मिठागरातून वर यायला लागलं. काळुरामच्या पट्ट्या गेल्या. लाल ठिपक्यापाशी पाणी आलं तशी काशीबाई धडपडत पुढे आली, "थांबव गो, थांबव, बाईचा घर!" आणि तिने कोपऱ्यातल्या बटणाकडे हात नेला. मी तिचा हात धरून ठेवला. यंत्र तुझं हळूच चालतं, तेवढा वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. ठिपका बुडाला, पाणी काठ्याशी थांबलं, वरचं सगळं हिरवं राहिलं. मग लोकांनी दोऱ्या आणि बांबू घेऊन खरंच त्या काठ्यावर जाऊन उंची मोजली, आणि पडदा खरा निघाला. काळुराम जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाला, "पट्टी उलटी धरली तवा डोले कं ठेवले व्हते, बाय?" त्याच्या दोन पट्ट्या गेल्या होत्या. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

मे महिनाभर आतल्या काठ्यावर दगड पडत होता, माझ्या मागच्या दारात. गावाने मला वर गावठाणात जागा देऊ केली, काशीबाई पडवी रिकामी करून बसली होती. पण तिथून रोज आपलं घर पडायची वाट बघायची, हे मला जमलं नसतं. म्हणून ही बदली. निघायच्या सकाळी दारात बैलगाडी उभी, आणि गाडीवर काळुराम.  त्याने माझं सगळं सामान चढवलं, तुझी ती बांबूची खाटसुद्धा, आणि स्वतःहून यांची टोपी खुंटीवरून काढून माझ्या हातात दिली. कासू स्टेशनपर्यंत तो बैलांशी बोलत होता, माझ्याशी नाही. गाडी सुटताना मात्र त्याने फलाटावरून हात वर केला.

गौरी-गणपती झाल्यावरच्या पौर्णिमेला मोठं उधाण आलं आणि वरून पाऊस. बाहेरचा काठा ठिकठिकाणी फुटला. चार दिवसांनी तोच काळुराम माझा जिना चढून आला, भर दुपारी, मालकिणीला न जुमानता. हातात कापडात गुंडाळलेला जिताडा. उंबऱ्याशी बसला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "गेला बाय. ओटीपासून गेला." मग म्हणाला, "तल्याचा पानी गोडा हाय. काठा हालला नाय." मी आत जाऊन चहा ठेवला आणि स्टोव्हच्या आवाजात रडून घेतलं. चहा घेऊन आले तर तोही डोळे पुसत होता. शेतं यंदा उभी आहेत, म्हणाला, हिरामणचंसुद्धा. दिवाळीला नवा तांदूळ आणून देतो म्हणाला.

आता हे पत्र का लिहिलं ते. मनाली, मी पट्टी उलटी धरली नव्हती. तुला ते माहीत आहे, कारण दुर्बिणीतून तूच मला कौलांच्या वर पाहिलं होतंस. तो आकडा तू बदललास, त्या शेवटच्या संध्याकाळी, मी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा. चूक होती ती, मोठी चूक होती, दोन गावं बुडाली असती, आणि माझ्या हाताखालची पोर असतीस तर मी तुझा कान पिळला असता. तुला तिकडे जाऊन ते कळलं असणार, आणि म्हणूनच तू मला एक ओळही लिहू शकली नाहीस. खाडीकडची बातमी विचारायलाही घाबरली असशील. तर ऐक, काळुरामच्या दोन पट्ट्या सोडल्या तर गावाने काही गमावलं नाही, आणि तुझं नाव कुणाच्या तोंडी नाही. तिथे पट्टी उलटी धरणारी मीच आहे आणि जन्मभर मीच राहीन. पण हे गेल्यापासून माझ्यासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं गं. माझं घर राहावं म्हणून कुणाची तरी बुद्धी फिरावी, इतकी मी कुणाची तरी आहे, हे मला त्या दुपारी शाळेत कळलं, आणि खरं सांगते, घर सोडायचं बळ मला त्यानेच आलं. माझं कोण आहे, असं मी म्हटलं होतं ते मागे घेते. उत्तर लिहू नकोस, तुला जड जाईल. सरळ ये. पनवेलहून रोह्याची गाडी आहे. कासू गेल्यावर आपल्या खाडीच्या बाजूला खिडकीबाहेर बघायचं तर बघ, नाहीतर बघू नकोस. बांबूची खाट खिडकीशी टाकून ठेवली आहे. या खोलीला दोन किल्ल्या आहेत. मालकिणीने विचारलं, एकट्या बाईला दुसरी कशाला? मी सांगितलं, दिवाळीला माझी मुलगी येते आहे.

वाट बघणारी,
तुझीच,
सगुणामावशी